साहेबाचा मांडव

माझी सासू जलशात गायची. अख्खा खेळ गाण्यात चालायचा. सावकाराचा दम गाण्यात, मजुराचं उत्तरही गाण्यातच. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतला माणूस जागचा हलत नसे. घरी तोच आवाज माझ्यावर चालायचा, ते सोडा.

दुष्काळ पडला, जलसा मोडला आणि आम्ही दोघी गेवराईकडं पाझर तलावाच्या कामावर गेलो. काम मजूर सोसायटीकडं होतं. बायकांची लांब रांग, मातीचं टोपलं या हातातून त्या हातात. सासू पुढं पद म्हणायची, आम्ही मागं झेलायचो, त्या तालावर टोपलं सरकायचं. माझी चार महिन्यांची पोर बाभळीखाली झोपवलेली. बाभळीची सावली ती काय! ऊन कललं की पोर उन्हात. अंगभर घामोळं, दूध ओढायचीसुद्धा बंद झाली होती. माझा जीव नुसता खालीवर व्हायचा.

कामावर लेकरांना सावली द्यायचा नियमच होता. सासू तीनदा मुकादमाकडं गेली. तिसऱ्यांदा तो खेकसला, "म्हातारे, गाण्यानं लई माजलीस. उद्यापासून गाणं बंद!"

बरं बाबा, बंद तर बंद. दुसऱ्या दिवशी आम्ही तोंड मिटून कामाला लागलो. झालं! कुणाचा हात आधी, कुणाचा मागून. टोपली पायावर पडायला लागली, बायका एकमेकींवर डाफरायला लागल्या. दुपारपर्यंत निम्मंही काम उरकलं नाही. आणि नेमके त्याच दुपारी मोठे साहेब पाहणीला येणार होते. त्यांच्यासाठी मुकादमानं मांडव घातला होता, खाली सतरंजी, शेजारी पाण्याचा माठ. मेल्याला साहेबासाठी बरी सावली सापडली!

जीप दिसली तसा मुकादम धावत आला. "मावशी, म्हना की एखादं!" कालची म्हातारी आज मावशी झाली.

सासूनं पदर खोचला. चाल जुनीच, बोल तिथंच जुळवलेले:

"माती वाहते माय गं, उन्हात तिची तान्ही,
मांडव कुणाला घातला, सांगा आमच्या कानी!"

आम्ही पद उचललं आणि टोपली पळायला लागली. साहेब जीपमधून उतरून ऐकतच राहिले. गात गातच सासू रांगेतून निघाली, बाभळीखालून माझी पोर उचलली आणि मांडवातल्या सतरंजीवर नेऊन निजवली. तिचं बघून बाकीच्या आयाही निघाल्या. सतरंजी लेकरांनी भरून गेली.

"ए, उचला! उचला आधी!" मुकादम ओरडला.

साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. "राहू द्या. काम संपेपर्यंत हा मांडव इथंच राहील. लेकरांपाशी एक बाई बसेल, तिचीही हजेरी लावा."

मला तिथंच फुगडी घालावीशी वाटली! साहेब मग भाषणाला भर उन्हात उभे राहिले. खाकरून त्यांनी मोठ्यानं सुरुवात केली, "भगिनींनो..." मांडवाच्या तोंडाशी बसून सासू पोरीला पदरानं वारा घालत होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"सायेब, हळू बोला. लेकरं आत्ताच झोपलीत."