पायजम्यावरचे ठिपके

आमचे हे घरी अगदी गरीब गाय, पण त्यांच्या त्या खोलीत शिरले की नाकावर माशी बसू देत नाहीत.

हॉस्पिटलात माणसाची चाल तपासायची एक लांब खोली आहे, तिचा कारभार ह्यांच्याकडे. भिंतींवर वरच्या बाजूला कॅमेरेच कॅमेरे. पेशंटच्या सांध्यासांध्यावर बोराएवढ्या करड्या गोळ्या चिकटवायच्या. कॅमेऱ्यांतून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश पडतो, गोळ्या तो परत फेकतात आणि पडद्यावर माणूस नाहीसा होऊन नुसते ठिपके चालू लागतात. कुठला सांधा किती वाकतो, ते त्यावरून कळतं. रोज सकाळी हे गोळ्या लावलेली काठी घेऊन खोलीभर फिरवतात, सगळ्या कॅमेऱ्यांची नजर जुळवायला. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माश्याच हाकलतायत. हात लागून मळलेली गोळी ह्यांना चालत नाही, चमक जाते म्हणे. बुटावरची चकचकीत पट्टी दिसली की तिच्यावर काळी चिकटपट्टी मारतात, नाहीतर कॅमेरे तिलाच गोळी समजतात. आणि गोळी लावायची ती कातडीवर, हाड चाचपून. कपड्यावर कधीच नाही. ही तर दगडावरची रेघ.

आणि ह्याच माणसाने स्वतःच्या आईच्या वेळी माती खाल्ली.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. बरेच महिने उलटले तरी लंगडणं जाईना, म्हणून डॉक्टरांनी चाल तपासायला सांगितली. गुडघा पुरेसा वाकत नसेल तर पुन्हा ऑपरेशन. सासूबाईंनी त्याचा भारीच धसका घेतला होता. कपडे बदलायच्या खोलीत मी हॉस्पिटलची आखूड चड्डी पुढे केली.

"ही घालून लेकासमोर फिरू?"

"अहो आई, गोळी हाडावर लागते."

"माझं हाड पायजम्याच्या आतच आहे. पळून नाही जात."

त्या पायजम्यातच बाहेर आल्या, तेव्हा ह्यांनी मान खाली घातली आणि गोळ्या सरळ पायजम्यावर चिकटवल्या. हाड चाचपणं तर दूरच, हात लावला न लावला असं केलं. मला खटकलं, पण मीही मूग गिळून बसले.

आठवड्याने डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा वाकत नाही, ऑपरेशन करावं लागेल. सासूबाई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. जेवताना हे ताट सारून उठले आणि आईजवळ जाऊन बसले.

"आई, गुडघा वाकत असेल," हे शेवटी म्हणाले. "सैल कापडामुळे गोळ्या भलतीकडेच राहिल्या. मला तेव्हाच कळत होतं. तुला चड्डी घालायला सांगायची लाज वाटली."

मी अशी भडकले! "परक्या माणसांना दटावता, आणि आईच्या गुडघ्यावर पुन्हा सुरी फिरवायला निघालात?"

"त्याला नको बोलूस," सासूबाई उठून बसल्या. "हट्ट माझा होता. आणि तू रे, तुझं ढुंगण मी धुतलंय, आता तू माझा गुडघा बघ. फिट्टंफाट. चल उद्या."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी डॉक्टरांना चूक सांगून टाकली. "बरं झालं बोललात," म्हणत डॉक्टर स्वतः येऊन उभे राहिले. सासूबाई चड्डी घालून, आमच्या कुणाकडेही न बघता, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या.

"वाकतोय की छान!" डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले. "आजी, तुम्ही नुसत्या भीतीने त्या पायावर भार द्यायला कचरताय, म्हणून लंगडताय. ऑपरेशन नको, व्यायाम करा."

मला तर रडूच फुटलं. ह्यांनी आईचा हात धरला. पण सासूबाईंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. पडद्यावर त्यांचंच मघाचं चालणं पुन्हा लागलं होतं, त्या ठिपक्यांकडे त्या टक लावून बघत होत्या.

"ही माझी आई आहे," त्या म्हणाल्या. "अशीच चालायची, डावा खांदा पुढे काढून. एक फोटोसुद्धा नाही रे तिचा आपल्याकडे."

ठिपके खोलीच्या टोकाला जाऊन थांबले.

"तिला अजून एकदा चालव ना," त्या ह्यांना म्हणाल्या.