कडीला पाणी लागलं का?

नदीवरची हवेली पाडली तेव्हा मला काडीचंही वाईट वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. हळहळली ती बाहेरची माणसं. पुण्याहून कोणीकोणी फोटो काढायला आले, केवढा हा वारसा म्हणाले, आणि संध्याकाळच्या आत परत गेले. त्यांना काय जातंय म्हणायला! आमच्या गिरणीच्या मागंच ती उभी होती. वटवाघळं, वानरं आणि पत्ते कुटणारे रिकामटेकडे सोडले तर तिच्यात कोणी राहत नव्हतं. कुण्या सरदारानं गोदावरीच्या स्नानासाठी बांधली होती म्हणे. त्यांच्या वारसांनी जागा विकली, पंचायतीनं इमारत धोकादायक ठरवली आणि घेणाऱ्यानं तिथं लग्नाचं लॉन्स करायचं ठरवलं. मी म्हटलं, पाडा एकदाची. निदान वारा तरी येईल.

आमचं गाव कोपरगाव तालुक्यातलं, नदीला अगदी खेटून. आम्ही राहतो खालच्या आळीत. मी आणि आमचे मालक मिळून पिठाची गिरणी चालवतो. सासऱ्यांनी सुरू केलेली, आता आमच्या गळ्यात पडलेली.

हवेलीच्या नदीकडच्या दगडी भिंतीत एक लोखंडी कडी होती, मनगटाएवढी जाड. पूर्वी तिला नावा बांधायचे. आता नावा राहिल्या नाहीत, पण कडी आमच्या कामाची होती. पाणी चढत चढत तिला टेकलं की खालच्या आळीनं उठायचं, एवढाच आमचा नियम. त्याआधी उठेल तो भित्रा, त्यानंतर उठेल तो येडा. कडीला पाणी लागल्यापासून आळीत शिरेपर्यंत एक दुपार हातात मिळायची. तेवढ्यात मालक गिरणीची मोटर खोलून माळ्यावर चढवायचे.

मोटर उगाच आधी खोलून चालत नाही. दळणं थांबतात, गिऱ्हाईक वरच्या आळीतल्या गिरणीकडं जातं, आणि एकदा रुसून गेलेलं गिऱ्हाईक जावयासारखं, परत आणायला सतरा वेळा हातापाया पडावं लागतं. पण उशीर केला तर मोटर पाण्यात, आणि आमचं पोट त्या मोटरीवर. हल्ली मोबाईलवर मेसेज येतो, वरच्या धरणातून इतके क्युसेक पाणी सोडलं म्हणून. क्युसेक म्हणजे काय ते मला सांगता येणार नाही, मालकांनाही नाही. मेसेज पाठवणाऱ्याला तरी येत असेल का, देव जाणे. आम्हाला कडी कळत होती.

जेसीबी आला तो उन्हाळ्यात. ताज्या पिठावर चुन्याची धूळ बसायला लागली तशी मी पदर खोचून भांडायला गेले. बघते तर त्याची बकेट नदीकडच्या भिंतीला लागलेली. अगं बाई, कडी! मी सरळ मशीनपुढं जाऊन उभी राहिले. चालवणारा म्हणाला, मावशी बाजूला व्हा. मी म्हटलं, होत नाही जा. शेवटी सरपंचांना बोलावलं. सरपंच म्हणजे आमच्या चुलतदिरांचे चिरंजीव, घरात अरेतुरे करते, चारचौघांत अहोजाहो करावं लागतं. मी त्यांना सांगितलं की हवेलीचं काय करायचं ते करा, पण कडी गेली तर आम्ही बघायचं कुठं?

त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, "काकू, कडीला धक्का लागू देनार न्हाई."

आणि दिलेला शब्द पाळला हो त्यांनी! कडीचा दगड अख्खाच्या अख्खा भिंतीतून काढला, ट्रॅक्टरमध्ये घातला, हलगी लावून वर मारुतीच्या देवळासमोर नेला. तिथं ओटा बांधला, फरशी बसवली, मधोमध दगड उभा केला. कडीला काळा ऑईलपेंट, वर झेंडूचा हार. नारळ काकूंच्याच हातानं फुटला पाहिजे म्हणाले, तर मीही ठेवणीतली साडी नेसून गेले आणि फोडला. बायकांनी हळदीकुंकू वाहिलं. गिरणीसमोरचे गादीवाले चाचा, ज्यांचं निम्मं आयुष्य आमच्याबरोबर नदीकडं बघण्यात गेलं, त्यांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. आमची कडी वाचली म्हणून पेढे वाटले. खालच्या आळीतलं एकही माणूस काही बोललं नाही.

श्रावण संपता संपता तिकडं नाशिककडं पाऊस बसला. आमच्याकडं लख्ख ऊन. गौरी-गणपतीची दळणं आलेली, गिरणीत डब्यांची रांग लागलेली, आणि मोबाईलवर मेसेज आला. मालक सवयीनं मागच्या दारानं नदीकडं गेले आणि नुसतेच उभे राहिले. भिंत नाही, घाटाच्या पायऱ्या नाहीत, जेसीबीनं सपाट केलेला मातीचा उतार तेवढा. पाणी वाढलेलं दिसत होतं, पण किती वाढलंय ते कशाला धरून सांगणार? चाचाही आले. दोघांनी डोळे बारीक करून बघितलं, कपाळावर हात धरून बघितलं. शेवटी मालक आत येऊन म्हणाले, "अजून लई येळ हाय. कडीला लागायचंय पानी."

"कोणत्या कडीला?" मी विचारलं.

ते डबे सरकवत राहिले. पट्ट्याच्या आवाजात ऐकू गेलं नसेल म्हणून मी गिरणी बंद केली आणि परत विचारलं. तेव्हा त्यांचं तोंड उतरलं. मारुतीपुढच्या कडीला पाणी लागायचं म्हणजे तोवर आमचे पत्रेसुद्धा दिसले नसते.

तरी आलेली दळणं उरकू म्हणाले. बायका डबे घेऊन ताटकळल्या होत्या, त्यांना काय सांगणार? शेवटचा डबा होतोय तोच मागच्या मोरीतून बुडबुड आवाज आला. पाणी रस्त्यानं येतं असं आपल्याला वाटतं, पण ते आधी मोरीतून येतं. मेन स्विच पाडला आणि मालक पाना घेऊन बसले. दोन बोल्ट निघाले. तिसरा गंजून बसला होता, तो काही केल्या फिरेना. पाणी गुडघ्याला आलं तरी माणूस उठायला तयार नाही. मी शर्टाला धरून त्यांना बाहेर ओढलं, पाना हातातच. मोटर तिथंच राहिली. भर रस्त्यात मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

अख्खी आळी देवळात जाऊन बसली. समोर कडी, कोरडी ठणठणीत, त्या दिवशीचा ताजा हार घातलेली. मी त्या ओट्यावरच उभी राहून साडी पिळली. सरपंच खिचडीचं पातेलं घेऊन आले, माझ्याकडं बघितलं आणि वाढायला लागले.

पाणी ओसरलं. गिरणीतला गाळ पाट्या भरभरून काढला, मोटर कोपरगावला नेऊन तिची वायंडिंग भरून आणली, पण ती पहिल्यासारखी चालत नाही. चाचांच्या कापसाचा चिखल झाला. मी सरपंचांकडं गेले, म्हटलं ती कडी होती तिथं परत बसवा. ते म्हणाले, "काकू, बसवतो. पन कशात बसवू? भिंत कुठाय?" पुढं पुलाच्या खांबावर पाणी मोजायला रंगानं आकडे काढून दिले कोणीतरी, पण पूल आमच्या आळीतून दिसत नाही.

यंदा मेसेज आला तशी मी कोणाचं ऐकलं नाही. दळणं परत केली, मोटर खोलायला लावली आणि चार माणसं लावून माळ्यावर चढवली. गिऱ्हाईक गेलं तर गेलं खड्ड्यात. जरा टेकले तर दारात चाचा. आतल्या मोरीकडं बघत म्हणाले, "भाभी, आत आलं का?" मी नाही म्हटलं, ते गेले. मग शेजारीण आली, तिनंही मोरीकडं बघितलं, तेच विचारलं. मग कोपऱ्यावरचा सलूनवाला. घटकेघटकेला कोणीतरी डोकावून जायचं. चाचा पुन्हा आले तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. आळीत सगळ्यात खोलात आमची गिरणी. आमच्यात पाणी शिरलं की बाकीच्यांनी उठायचं, असं आळीनं न बोलता ठरवून टाकलं होतं.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "म्हणजे माझी गिरणी बुडायची वाट बघताय व्हय सगळे?"

चाचा दारातच उभे. पाठीमागं त्यांची कापसाची गाठोडी बांधून ठेवलेली दिसत होती. ते हळूच म्हणाले, "मग बघायचं कुठं, भाभी?"

जेसीबीपुढं उभं राहून मी हेच विचारलं होतं.

"घरी जा," मी म्हटलं, "भाकरी खाऊन घ्या. आत आलं की मी हाक मारते."

ते गेले. मोटर काढलेल्या रिकाम्या चौथऱ्यावर, वर आलेल्या चार बोल्टांच्या मधे मी पोतं टाकलं आणि मोरीकडं तोंड करून बसले.