रामटेके मॅडम आणि खुशीचा प्रश्न

रामटेके मॅडम भर वर्गात, मुलांसमोर सांगून टाकायच्या, "हे मले नाई समजत." अल्लीपूरजवळच्या आमच्या दोन शिक्षकी शाळेत मी नवी रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात मी हे ऐकलं. पालीची तुटलेली शेपटी हलते कशी, असं एकानं विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "मले नाई समजत बापा. चाल, पाहू." आणि सगळा वर्ग भिंतीपाशी उकिडवा बसला. मुलांपुढे असं बोलू नये, असं मला शिकवलेलं होतं. मी तसं सुचवलंही. त्या हसल्या. "अवं, खोटं सांगतलं तं पोट्टे जन्मभर तेच धरून बसतात."

उंच, सावळ्या, चालताना किंचित डावीकडे झुकणाऱ्या. नवरा लवकर गेला, मुलगा चंद्रपूरला नोकरीला. वर्ध्याहून रोज एसटीनं यायच्या आणि बसमधली अर्धी माणसं त्यांचे जुने विद्यार्थी असायची. पोरींच्या वेण्या बांधत पाढे म्हणवून घ्यायच्या. एखादीचे केस ओढले गेले, की ती पाढा चुकायची आणि मॅडम म्हणायच्या, "चूक माही, पाढा तुहा."

दुसरीतल्या खुशीची गोष्ट घडली, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा गोंधळलेलं पाहिलं.

खुशी सात वर्षांची. वडील दिवाकरभाऊ वांगी, टमाटे पिकवून बाजारात नेत, आई मंगला त्यांच्या बरोबरीनं राबे. त्या दिवशी खिचडीची सुट्टी झाली, तरी खुशी जागची उठेना. तिचा फ्रॉक मागून लाल झाला होता. मॅडमनी माझी ओढणी मागून घेतली, तिच्या कमरेला गुंडाळली आणि तिला ऑफिसच्या खोलीत नेलं.

"मॅडम, मले कुठंच लागलं नाई," खुशी म्हणाली. "तरी रक्त येऊन राह्यलं. मी मरून राह्यली का?"

"नाई वं माय. असं मोठ्या बायांले दर महिन्याले येते. तुले जरा लवकर आलं."

"काऊन लवकर?"

सातवीच्या मुलींना हे सगळं समजावून सांगायला शेजारची शाळा मॅडमनाच बोलवायची. पण पुढ्यातल्या पोरीच्या हातात चिंधीची बाहुली होती. मॅडमनी त्या बाहुलीचा पदर सारखा केला. "मले नाई समजत," असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

मंगलाला आम्ही बोलावून घेतलं. ती रडायलाच लागली. "मले चौदाव्या वर्षी आलतं, मॅडम. हे काय होऊन राह्यलं?" गावात तर ज्याचं त्याचं कारण तयार होतं. कोणी म्हणे ब्रॉयलर कोंबडी, कोणी पाकिटातलं दूध, कोणी मोबाइल. एका म्हातारीनं देवीचा कोप काढला. मॅडम सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि माझ्याकडे वळून विचारायच्या, "तुले काय वाटते?" मला भीती वाटत होती.

आम्ही खुशीच्या घरी गेलो. फवारणीच्या औषधाचा रिकामा कॅन वरून कापून त्याची बादली केलेली होती. फवारणीचे कपडे मंगला धुवायची, खुशी पिळून वाळत घालायची. यात नवल काहीच नव्हतं. आमच्या भागात घरोघरी हेच चालतं. मॅडमनी सहज विचारलं, "भाऊ, या कॅनमधलं पानी पोरगी वापरते का?"

दिवाकरभाऊ ताडकन उठले. "म्हंजे मी माह्या पोरीले विष पाजून राह्यलो का?"

"तसं नाई म्हनत जी. मले मालूम नाई, म्हनून विचारून राह्यली."

पण तो ‘विष’ शब्द घराबाहेर गेला. पुढच्या बाजारात दोघी-तिघींनी दिवाकरभाऊंच्या पाटीतली वांगी उचलून परत ठेवली. दुसऱ्या दिवशी दिवाकरभाऊ शाळेच्या फाटकाशी उभे राहून ओरडले, शाळेतून पोरीचं नाव काढून घेतो म्हणाले. मॅडम पायरीवर उभ्या राहिल्या. "मले शिव्या द्या भाऊ, पाहिजे तेवढ्या द्या. पोरीले शाळेत येऊ द्या. अन् एक डाव डॉक्टरले दाखवा." ते गेल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मी विचारलं ते बरोबर केलं का वं? मले आता तेही समजून नाई राह्यलं."

शेवटी मंगला नवऱ्याला न सांगता निघाली. आम्ही चौघी सावंगीला मोठ्या दवाखान्यात गेलो. खुशीच्या हाताचा एक्स-रे काढला, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, डोक्याचंही स्कॅनिंग झालं. हाडं वयाच्या बरीच पुढे गेली होती. बाकी दोष कुठेच नव्हता. "पुष्कळ मुलींमध्ये कारण सापडतच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही रसायनं शरीरात संप्रेरकांसारखी वागतात. फवारणीतली, प्लास्टिकमधली. त्यावर अभ्यास चालू आहे. पण हिला त्यामुळेच झालं, असं मी म्हणू शकत नाही. नाहीच झालं, असंही नाही. तिला त्यापासून लांब मात्र ठेवा."

"मंग आमी राग कोनावर काढाचा?" मॅडमनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाकिटात सरकवला. "वेळेवर आणलंत. इंजेक्शनं घेतली तर हे थांबेल. नाहीतर तिची उंची लवकर खुंटली असती."

परतीच्या बसमध्ये खुशीनं विचारलं, "मॅडम, बाबा फवारते तेही औषध अन् मले टोचतीन तेही औषधच का?" मॅडम हसायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. मग त्यांनी खुशीची सुटलेली वेणी बांधायला घेतली.

इंजेक्शनं सुरू झाली, रक्त थांबलं. एका सकाळी दिवाकरभाऊ शाळेत आले आणि टोपी काढून उभे राहिले. "तुमचं मले पटलं नाई मॅडम. पण दुसरं बी काई समजत नाई. कॅन फेकले. कपडे आता मीच वावरात धुतो." मॅडमनी त्यांना चहा पाजला.

आता उत्तर सापडलं, असं मला वाटू लागलं होतं. तेवढ्यात पुढच्या वर्षी गावातल्या एका ड्रायव्हरच्या लहान मुलीला तसंच झालं. त्यांच्याकडे ना वावर, ना फवारणी. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "घ्या! आता सांगा."

मागच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. मंडप घातला होता, सरपंच बोलले, खुशीनं हार घातला. मग माइकवरून मॅडमचं नाव पुकारलं. त्या जागेवर नव्हत्या. मी शोधत शाळेच्या मागे गेले. तिथं पायरीवर एक अनोळखी बाई लहानशा पोरीला घेऊन बसली होती. ती शेजारच्या गावाहून मॅडमचं नाव ऐकून आली होती. "असं काऊन झालं जी, मॅडम?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

मॅडम आपल्या अंगावरची सत्काराची शाल काढून पोरीच्या मांडीवर पसरत होत्या.

"दुखते का?" त्यांनी पोरीला विचारलं. तिनं मानेनंच हो म्हटलं.

"मंग पहिले पोट शेकू. जाय वं," त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पानी तापव."

मंडपातून तिसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं. मी स्वयंपाकखोलीत जाऊन गॅस पेटवला. त्यांचं भाषण राहून गेलं ते राहूनच गेलं.