पुढच्या वर्षाचं कार्ड

मी देवाला हात जोडणारी बाई, पण भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कोणी असलं काही सांगायला लागलं, की मी उठून चहा ठेवायला जायची. आज सत्तरी उलटल्यावर मीच हे लिहायला बसले आहे...

साल चौऱ्याहत्तर असावं. नागपुरात एका कोर्टाच्या लायब्ररीत मी असिस्टंट होते. निकालांचे छापील रिपोर्ट पोस्टाने यायचे. त्यातल्या प्रत्येक केसचं मी हाताने कार्ड लिहायची – पक्षकारांची नावं, वर्ष, पान आणि एका ओळीत निकाल.

एप्रिलमधल्या भर दुपारी एक म्हातारे गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. डोमाजी नाव, उमरेडचे विणकर. मारामारीत एक माणूस मेला, त्यात त्यांच्या मुलाला, श्रावणला, जन्मठेप झाली होती. तो अमरावतीला जेलमध्ये होता. अपील जुलैत सुनावणीला निघणार होतं.

"बाई, माह्या पोरासारखा कोणी सुटला का जी, या पुस्तकाइत? मले वाचता येत नाही."

हे खरं तर वकिलाचं काम. पण नाही म्हणवेना. मी खुनाच्या केसेसचा ड्रॉवर ओढला, कार्डं चाळू लागले... आणि एक कार्ड हातातच राहिलं.

श्रावण डोमाजी विरुद्ध राज्य. पान चारशे बारा. अपील डिसमिस्ड. वर्ष – पुढचं!

अक्षर माझं होतं. शाई माझी.

"काय झालं जी? सापडलं का काही?"

"नाही, दुसरंच आहे," मी म्हणाले.

ते गेल्यावर मी कार्ड आमच्या साहेबांना दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. "उन्हाचा त्रास होतोय तुम्हाला. फाडून टाका." मी फाडलं.

कोर्टाची उन्हाळी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी डोमाजी परत आले. दोन पायऱ्या चढून धापा टाकत होते.

"बाई, पोराले आता भेटून येऊ का निकालानंतर जाऊ? दम्यानं बेजार होऊन राहिलो. दोनदा जाणं माह्याच्यानं होत नाही."

आता जा, असं म्हणणं म्हणजे ते कार्ड खरं मानणं. मला ते मानायचं नव्हतं.

"निकालानंतरच जा, डोमाजी. सोबत घेऊनच या त्याला."

किती खुलला तो चेहरा!

जुलैत अपील फेटाळलं गेलं. डोमाजी अंथरुणाला खिळले, ते उठलेच नाहीत. पोळ्याच्या आधी गेले. बापलेकाची भेट झाली नाही... त्यांच्या वकिलाच्या कारकुनाने मला हे सहज बोलता बोलता सांगितलं.

पुढच्या वर्षी रिपोर्टचा खंड आला. चारशे बारा पानावर श्रावणचीच केस होती. नियमाप्रमाणे मी कार्ड लिहिलं. शब्दन् शब्द तेच आलं. वेगळं काय लिहिणार होते?

ते आधीचं कार्ड कोणी लिहिलं, कधी लिहिलं, मला कळलेलं नाही. पण खरं सांगते, रात्री जाग येते ती त्या कार्डामुळे नाही. मी दिलेल्या सल्ल्यामुळे येते.

माझा पुतण्या वकील आहे. परवा मी त्याला हे सगळं सांगितलं, फक्त नावं गाळून. त्याने लगेच लॅपटॉप उघडला. "आत्या, जुने सगळे निकाल आता यात आहेत. नाव सांग, दोन मिनिटांत काढतो."

मी नाव सांगितलं नाही.