पाय वर घेऊन

नात दुपारी सोफ्यावर सिनेमा बघत होती. पडद्यावर खुनी कोण याचा शोध चालला होता, आणि ती पाय जमिनीवर रोवून पुढे झुकली होती. मग एकाएकी तिने पाय वर घेतले आणि गुडघे छातीशी धरले.

"खुनी सापडला का गं?" मी विचारलं.

"केव्हाच. आता तो मेलेला माणूस परत आलाय. आजोबा, तुम्हीही पाय वर घ्या."

"मला काय धाड भरलीय?"

असं म्हणालो खरं, पण हळूच मीही पाय वर घेतले.

मला वाटतं, रहस्यपट कुठे संपतो आणि भयपट कुठे सुरू होतो, ते आधी पायांना कळतं. कोणी केलं हे शोधायचं असतं तोवर ते जमिनीवर असतात. झालेली गोष्ट परत येऊन घोटा धरेल असं वाटलं, की ते खाली ठेववत नाहीत.

माझा धाकटा भाऊ विहिरीत बुडाला, तेव्हा तो एकटाच गेला होता असं मी घरी सांगितलं. एकटा कसा गेला असेल, हे कोडं आईला मरेपर्यंत सुटलं नाही. तो एकटा नव्हता. मी त्याच्याबरोबर पोहत होतो. बुडताना त्याने माझा घोटा धरला, आणि मी घाबरून पाय झटकून सोडवून घेतला.

सिनेमा संपल्यावर नात चपला घालून खेळायला गेली. हे लिहिताना माझे पाय अजून वरच आहेत.