पहिल्या नारळाचा मान

२०२३ साल. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पण पनवेलजवळ तळोज्याच्या बाजूला आमचं जे गाव, तिथे जत्रेचा पहिला नारळ आमच्या घरचा. का, तर गाव वसवलं ते आमच्या घराने. हे मला बापाने सांगितलं, त्याला त्याच्या बापाने.

माझी मुलगी कॉलेजात इतिहास शिकवते. तिचा इतिहास राजांचा नाही. लोक गाव सोडून दुसरीकडे का जातात, तिथला समाज त्यांना कसा घेतो, हे ती शोधते. कितीतरी वर्षं कारखान्यांमागच्या भाड्याच्या खोल्यांत बसून बिहार-ओडिशाच्या कामगारांशी बोलत आली. मला ते कधी पटलं नाही. आमच्या जमिनी कारखान्यांना गेल्या, गावात आम्हीच पाहुणे झालो, आणि ही बाहेरच्यांची रडगाणी ऐकते. तोंडावर तसं बोलायचो. ती हसायची आणि परत जायची. हट्ट माझाच उतरलाय.

मग तिने आपलंच गाव अभ्यासाला घेतलं. आमच्या घरात लग्नाचा पहिला विडा उरणच्या बाजूला, खाडीपलीकडच्या एका गावाच्या वेशीवर ठेवतात. तिच्या लग्नाचाही मीच ठेवून आलो होतो. का ठेवायचा, ते मी कधी कोणाला विचारलं नाही. तिने विचारलं. त्या गावी जाऊन म्हाताऱ्यांपाशी बसली. परत आली ती जेवताना म्हणाली, "बाबा, आपण तिकडून आलोय. तिथे अजून विड्याची जागा आपल्या आडनावाने ओळखतात. इथली बाकीची घरं आपल्या आधीची आहेत." मग नारळाचा मान आपल्याला कसा? तर ते तिलाही कळलं नव्हतं.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी गावकीने तिला देवळासमोर बोलायला बोलावलं होतं. त्या दुपारी जेवताना मी सांगितलं, बाकी सगळं सांग, आपल्या घराचं वगळ.

"लोकांच्या घरचं सगळं विचारून घेतलं, बाबा. आपलं झाकलं तर उद्या मला कोण काय सांगेल?"

मी ताट सरकवून उठलो.

ती बोलली. आमच्या घराचंही सांगितलं. मग वरच्या आळीतला एकजण मागून म्हणाला, "काका, म्हंजे तुमी पण भाडेकरूच की." हशा पिकला. गावकीच्या अध्यक्षाने लोकांना गप्प केलं आणि मला सांगितलं, पोरीचं चुकलं एवढं म्हणा, सकाळचा नारळ तुमचा, विषय संपला. तिच्या कॉलेजचे दोन मास्तर पुढच्या खुर्च्यांवर होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, हातातले कागद नुसते सारखे करत होती.

मला राग होता, आजही आहे. चारचौघांत घराचा मान काढून द्यायचा हक्क तिला कोणी दिला? पण ही पोर खोटं बोलत नाही, हे मला तिच्या लहानपणापासून ठाऊक.

मी उभा राहिलो. "ती बोलली ते खरं हाय. आणि आमी बाहेरचे नाय."

अध्यक्ष म्हणाला, दोन्ही कसं चालेल? मी खाली बसलो. पहिला नारळ त्यांनी दुसऱ्या घराला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल वाजायला लागल्यावर ती बरोबर येते म्हणाली. मी नको म्हटलं. एकटाच गेलो, नारळ घेऊन सगळ्यांच्या रांगेत उभा राहिलो आणि माझा नंबर आल्यावर फोडला.