प्रोफेसरांची पंगत

दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवायची, नाकासमोर धरायची आणि म्हणायचं, "हे असं. युनिव्हर्सिटी म्हणजे हे असं व्हायला पाहिजे." आमच्या ठाण्यातल्या खोपटच्या चाळीत वरच्या मजल्यावर प्रोफेसर राहायचे, त्यांची ही सवय. नळावर, जिन्यात, माझ्या दारात, कुठंही. माझ्या हातात फुंकणी, कडेवर पोर, चुलीवर भात लागतोय, आणि हे समोर बोटं अडकवून उभे. मी आपली मान हलवायची. मला चौथीतनं काढलं शाळेतनं, युनिव्हर्सिटीतलं मला काय कळणार, पण माणूस एवढ्या प्रेमानं सांगतोय तर जा कसं म्हणायचं.

तुमच्याही शेजारी असेल बघा असा एखादा, मन लोण्यासारखं आणि आवाज नगाऱ्यासारखा.

मुंबईच्या कॉलेजात शिकवायचे. स्वराज्य नुकतं आलेलं, खेड्यापाड्यांतनं, सगळ्या जातींतनं मुलं कॉलेजात यायला लागलेली, ती एकमेकांत मिसळावीत म्हणून युनिव्हर्सिटीनं कमिटी नेमलेली आणि त्या कमिटीत हे. "आम्ही जात पाहत नाही," असं सारखं म्हणायचे. पण न पाहायची म्हणजे आधी कुठली ते कळायला तर हवं, म्हणून पहिलं विचारायचे. दूधवाल्याला विचारलं, लाकडं आणून टाकणाऱ्याला विचारलं, आम्ही राहायला आलो तर आमच्या ह्यांनी डोक्यावरची ट्रंक खाली ठेवायच्या आधी त्यांना विचारलं. उत्तर मिळालं की खूश. खांद्यावर हात ठेवायचे, "आम्ही ते पाहत नाही" म्हणायचे आणि वर निघून जायचे. माणूस खाली उभाच, आता आपल्याला पाहिलं की नाही पाहिलं, काही कळायचं नाही त्याला.

हसू नका पण. माझ्या पोरीला डांग्या खोकला झालेला, हे गिरणीत पाळीवर, पोर काळीनिळी पडलेली आणि मी नुसती रडत बसलेली, तेव्हा हाच माणूस धोतर खोचून तिला घेऊन पळाला, टेंभी नाक्याच्या डॉक्टरपर्यंत, अनवाणी. पोर वाचली. डॉक्टरलाही जात विचारली म्हणतात.

आमच्या जिन्याखालच्या खोलीत एक मुलगा राहायचा. कर्जतकडचा, दुसऱ्या कुठल्या कॉलेजात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. आडनाव गावावरनं पडलेलं, त्यातनं काही कळायचं नाही, आणि मालकांनी आपल्यातलाच असेल असं धरून खोली दिलेली. मालक खालीच राहायचे, ओट्यावर झोपाळा. आपल्यातलं माणूस नसेल तर ते खोली द्यायचे नाहीत, हे सगळ्या चाळीला माहीत. तो मुलगा गरीब, खाली मान घालून चालायचा, आणि प्रोफेसर जिन्यात दिसले की मोरीत शिरायचा. मला वाटायचं, लाजतो.

मग एकदा त्याची आई आली. दुपारची वेळ, तो कॉलेजात. बाई अंगणात उन्हातच उभी. वर या म्हटलं तर ओट्याला लांबनंच हात जोडले. पाणी दिलं तर पेला धरेना. ओंजळ पुढं केली आणि मी वरनं ओतावं म्हणून खाली वाकली. मी ओतलं. ओतता ओतताच मला कळलं, हा मुलगा मालकांच्यातला नाही. झोपाळ्याकडं बघितलं तर मालक घोरत होते. मी कुणाला बोलले नाही, ह्यांनाही नाही. परीक्षा तोंडावर, आता खोली गेली तर तो मुलगा बसणार कुठं अभ्यासाला, आणि हिला ठाऊक होतं म्हणून मालकांनी आम्हालाही काढलं तर मी पोर घेऊन जाणार कुठं, रात्रंदिवस हेच डोक्यात.

आणि नेमकी तेव्हाच प्रोफेसरांनी पंगत काढली. आमच्याच अंगणात, सगळ्या जातींच्या विद्यार्थ्यांची. युनिव्हर्सिटीचे मोठे साहेब येणार म्हणून मालकांनी अंगण दिलं, पण स्वतःचा पाट ओट्यावर वेगळा मांडला. आम्ही बायका पहाटेपासून रांधत होतो. प्रोफेसर फाटकात उभे, येणाऱ्या प्रत्येकाला जात विचारायची आणि एका जातीची दोन मुलं शेजारी येऊ द्यायची नाहीत. उठ तू, तू इकडं ये, तू तिकडं. खाडीवरचा एक कोळ्यांचा मुलगा होता, तो म्हणाला, "सर, मना पापलेटच्या बाजूला बसवा, मंग कोनपन चालंल." सगळी मुलं हसली. तेवढाच काय तो वेळ ती मिसळलेली.

एक पान रिकामं राहिलं. प्रोफेसर कासावीस. हरिजन मुलगा एकही आला नव्हता, आणि साहेब तर येऊन बसलेले. तेवढ्यात जिन्याखालचं दार उघडून आमचा तो बाहेर आला. त्याला वाटलं असेल, जेवणं सुरू झाली, आता कुणाचं लक्ष नाही. प्रोफेसरांनी धरलाच दंडाला. "ये, ये. तू कोण? तुमच्यात कोण?" अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं. मालकांनी पाय टेकून झोपाळा थांबवला.

त्या मुलानं मान वर केली. तशी मी कधी बघितली नव्हती त्याची मान. तो सांगणार होता, माझी खात्री आहे, मोरीत लपून लपून कंटाळला असेल. आणि मलाच कळलं नाही, माझ्या तोंडातनं गेलं, "भाऊ आहे माझा. वाढायला बोलावलाय."

मालक म्हणाले, आधी कधी बोलली नाहीस. मी म्हटलं, नात्याचं सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं भाडं कमी मागतेय. ते त्यांना पटलं. मी पोर कडेवर सावरली आणि आत पातेलं आणायला वळले.

मग काय, भाताचं पातेलं त्याच्या हातात. त्यानं सगळ्यांना वाढलं. साहेबांना वाढलं, प्रोफेसरांना वाढलं, ओट्यावर जाऊन मालकांना आग्रह कर-करून वाढलं, आणि मालक बोटं चाटत म्हणाले, "सूनबाई, भाऊ गुणाचा आहे गं तुझा." प्रोफेसर इकडं साहेबांना सांगत होते, आपण बोलावतो, पान मांडतो, पण ते लोकच येत नाहीत, काय करायचं. मग त्याला म्हणाले, त्याही पानावर वाढ बाबा, उशिरा कुणी आलाच तर. त्यानं वाढलं. मीठ, लिंबू, चटणी, भाताची मूद, वर तूप. सगळं जागच्या जागी.

पाहुणे उठले, वाढपी बसले. दुसरं पान उरलं नव्हतं म्हणून तो त्या पानावर बसला. प्रोफेसर साहेबांना फाटकाशी सोडून येत होते, ते लगबगीनं आले. "अरे, तिथं नको. ते त्या लोकांसाठी ठेवलंय."

तो उठला. भूक नाही म्हणाला. ते पान मी गाईला घातलं.

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं आता मारतात. ह्यांनी उठून आधी दार लावलं, मग म्हणाले, मेव्हण्याचं नाव तरी सांग, उद्या कुणी विचारलं तर.

परीक्षा झाली. तो पास झाला, नाशिकला नोकरी लागली. खोली सोडायच्या दिवशी मला "ताई, येतो" म्हणाला आणि वर गेला, प्रोफेसरांकडं. मी खाली कान लावून. त्यांचा आवाज एरवी नाक्यावर ऐकू जायचा, त्या दिवशी खालीसुद्धा आला नाही. तो गेल्यावर बऱ्याच वेळानं ते उतरले आणि माझ्या उंबऱ्यावर बसले. मला वाटलं, त्यानं सांगितलंच, आता हे ओरडणार आणि ओट्यावर मालक ऐकणार. पण ते अगदी हळू म्हणाले, "वहिनी, पंगतीच्या दिवशी नंतर जेवला का तो?"

"नाही," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी पंगत झाली, पण त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. मुलं वाटेल तिथं बसली. प्रोफेसर वाढत होते, त्यांच्या हातनं वरण सांडत होतं. मग युनिव्हर्सिटीनं विचारलं, कुठल्या जातीचे किती आले, तर प्रोफेसर म्हणाले, विचारलं नाही. तेव्हा त्यांना कमिटीतनं काढलं. मिसळण्याच्या कामात लक्ष नाही म्हणून.

नंतर ते सोलापूरच्या कॉलेजात गेले. टांगा दारात, सगळी चाळ जमलेली. मालक सामान चढवायला सांगत होते आणि मधेच माझ्याकडं वळून म्हणाले, "काय गं सूनबाई, तुझा भाऊ हल्ली फिरकत नाही? काय हात होता त्याचा वाढायला. आपलं माणूस ते आपलं माणूस."

प्रोफेसरांचा एक पाय टांग्याच्या पायरीवर. ते थांबले. मालकांकडं बघितलं. तोंड उघडलं. या माणसाच्या पोटात जन्मात कधी काही राहिलं नव्हतं, मला माहीत होतं, मी पोरीला छातीशी आवळून धरलं, ती रडायला लागली.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, रडणाऱ्या पोरीकडं बघितलं, आणि तोंड मिटलं. टांगेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल बाबा." टांगा नाक्यावर वळेपर्यंत मी बघत होते. एवढा वेळ मी त्यांना गप्प कधी बघितलं नव्हतं.